दुसरी बॅटरी आणि सोळा स्क्वेअरची वायर

साम्रदला रविवारी सकाळी सहा वाजता किल्ली फिरवली, तेव्हा स्टार्टरने एकदा ‘टक्’ असा आवाज केला आणि मीटरवरचे सगळे दिवे विझले. शुक्रवारी संध्याकाळी गाडी उभी केली होती, शनिवारचा दिवस सांदण दरीत पायी गेला होता, आणि त्या छत्तीस तासांत पस्तीस लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज गाडीच्या एकुलत्या एका बॅटरीवर चालू होता. एप्रिलचा उकाडा होता, आणि फ्रिजमध्ये दूध-भाजीबरोबर मेहुण्याचे इन्सुलिनही होते, त्यामुळे रात्री तो बंद ठेवण्याचा विचारही केला नव्हता. माझी गाडी म्हणजे २०१६ सालची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची थार. जुन्या जीपसारखी ती उतारावर ढकलून चालू करता येईल असे बरोबरच्यांना वाटत होते. परंतु या इंजिनाच्या संगणकाला आणि इंजेक्टरांना आधी वीज मिळावी लागते, आणि बॅटरी इतकी बसलेली असताना ढकलण्यात घाम जाण्यापलीकडे काही होत नाही. शेवटी दूध गोळा करायला आलेल्या पिकअपवाल्याने स्वतःच्या बॅटरीवरून जंपर लावून दिला. ‘‘साहेब, आमचं दूध बर्फावर जातं, त्याला बॅटरी लागत नाही,’’ असे तो हसून म्हणाला, आणि पैसे न घेता निघून गेला.

या प्रसंगात माझी एक चूक होती, आणि तिचे खरे कारण मला तीन महिन्यांनी कळले. फ्रिजला बॅटरीच्या बचावाची सोय असते. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की तो स्वतःच बंद होतो, आणि ही पातळी वरची, मधली किंवा खालची अशी निवडता येते. वरच्या पातळीवर ठेवला की माझा फ्रिज इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच बंद पडत असे, म्हणून कंटाळून मी तो सर्वांत खालच्या पातळीवर ठेवला होता. बॅटरी भरलेली असताना तो बंद का पडतो, हा प्रश्न मी त्या वेळी स्वतःला विचारायला हवा होता. तो न विचारता मी थेट या निष्कर्षावर आलो, की गाडीला दुसरी बॅटरी हवी.

दुसरी बॅटरी हवी होती हे खरेच. गाडीची मूळ बॅटरी इंजिन चालू करण्यासाठी असते. तिच्यात पातळ पत्र्यांची संख्या जास्त असते, म्हणून ती काही सेकंद शेकडो अँपिअर देऊ शकते, पण तिला रात्रभर थोडी थोडी रिकामी करत नेले की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. मी आधी वहीत हिशेब मांडला. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे साडेतीन अँपिअर घेतो आणि उन्हाळ्यात तासातली साधारण चोवीस मिनिटे चालतो. म्हणजे दिवसाला सुमारे ३४ अँपिअर-तास. तंबूतल्या एलईडी पट्ट्यांचे पाच, कॅमेरा, फोन आणि लॅपटॉप यांचे मिळून दहा. दिवसाला पन्नास धरले, तर साम्रदसारख्या दोन रात्रींच्या मुक्कामाला पंचाहत्तर ते ऐंशी अँपिअर-तास लागणार होते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली नेऊ नये असा संकेत आहे, म्हणजे त्या प्रकारात दीडशे अँपिअर-तासांची, चाळीस किलोहून जड वस्तू गाडीत बसवावी लागली असती. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी बारा किलोंच्या आत येते आणि तिची ऐंशी टक्के क्षमता निर्धास्तपणे वापरता येते. किंमत जास्त होती. तरी मी हीच निवडली.

ही निवड केल्याबरोबर दोन गोष्टी आपोआप ठरल्या. पहिली म्हणजे, ही बॅटरी बॉनेटखाली ठेवता येणार नव्हती. मे महिन्यात घाट चढून आल्यावर बॉनेट उघडून पाहिले की तिथे हात ठेववत नाही, आणि उष्णता ही लिथियमच्या सेलची शत्रू आहे. तिची जागा आतच, पुढच्या डाव्या आसनाच्या पाठीमागे. शिसे-आम्लाची साधी बॅटरी तिथे ठेवली असती, तर चार्जिंगच्या वेळी तिच्यातून निघणाऱ्या हायड्रोजनची व्यवस्था करावी लागली असती. इथे तो प्रश्न नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे, दोन बॅटऱ्या केवळ रिलेने जोडून भागणार नव्हते. बाजारात साधारण तीन मार्ग आहेत. डायोडचा विलगक स्वस्त, पण त्याच्यातच अर्धा-पाऊण व्होल्ट खर्ची पडतो. व्होल्टेज पाहून जोडणारा रिले, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या एकत्र करून ते बंद झाले की वेगळ्या करणारा, एकाच प्रकारच्या दोन बॅटऱ्यांना चांगला. लिथियमचा अंतर्गत रोध मात्र इतका कमी असतो, की ती रिकामी असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारे जनित्र) देईल तेवढा प्रवाह ओढत राहते. आपल्यासारखे लोक दगडांतून लो गिअरमध्ये अर्धा अर्धा तास पायी चालण्याच्या वेगाने गाडी नेतात. तेव्हा इंजिनाचे फेरे कमी असतात, वारा लागत नाही, अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो, आणि नेमका त्याच वेळी त्याच्यावर पूर्ण भार पडतो. तो जळायला याहून चांगली परिस्थिती नाही. म्हणून तिसरा मार्ग, डीसी-डीसी चार्जर, जो अल्टरनेटरकडून मोजकाच प्रवाह घेतो आणि लिथियमला हवा तो साडेचौदाच्या आतला व्होल्टेज करून देतो. मी वीस अँपिअरचा घेतला. तीस अँपिअरचाही होता, पण माझ्या मुक्कामांमधली अंतरे पाहता घाई कशासाठी करायची हे मला कळेना.

खरेदी सोपी होती. लिथियम घेताना विक्रेत्याला मी एकच प्रश्न चिकाटीने विचारला: शून्य अंशाखाली चार्जिंग थांबवण्याची सोय तिच्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटमध्ये, आहे का? महाराष्ट्रात हा प्रश्न विचारणारा मी विचित्रच वाटलो असणार. थंडीच्या कडाक्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले तरी त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. पण मला पुढेमागे स्पितीला जायचे आहे, आणि गोठणबिंदूखाली चार्ज केलेल्या लिथियमच्या सेलमध्ये धातूरूप लिथियमचा थर बसून तो कायमचा खराब होतो.

बसवण्याचे काम मी एका वायरिंगवाल्याकडे दिले. दोन तासांत त्याने सगळे जोडून दिले. मी उभा राहून पाहत होतो आणि मला एकाच ठिकाणी शंका आली: मागे नेलेली वायर बोटभरही जाड नव्हती. ‘‘सहा स्क्वेअर आहे साहेब, हिच्यावर घरातला एसी चालतो,’’ असे तो म्हणाला (स्क्वेअर म्हणजे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर). हे वाक्य इतके पटण्यासारखे होते की मी गप्प बसलो. त्यातली गफलत घरी आल्यावर वहीत आकडे मांडले तेव्हा लक्षात आली. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, आणि वायरीत अर्धा व्होल्ट गेला तरी तो दोनशे तीस व्होल्टमधून जातो. कोणाला कळतही नाही. माझा चार्जर वीस अँपिअर बाहेर देण्यासाठी बारा व्होल्टच्या पातळीवर पंचवीस अँपिअर घेणार होता. तिथे अर्धा व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली की अर्धी, यांतला सगळा फरक.

पुढच्या रविवारी पानशेतच्या रस्त्याला गाडी काढली, तेव्हा चार्जरवरचा हिरवा दिवा पाच-सहा सेकंद लागे, विझे, पुन्हा लागे. दिवसभर हे चालू होते, आणि संध्याकाळी पाहिले तर मागच्या बॅटरीत अवघे चार टक्के भर पडली होती. फ्यूज होल्डरला हात लावला, तर तो चहाच्या कपाइतका गरम. चार्जर बिघडला असावा असे समजून मी तो बदलून मागण्याच्या तयारीत होतो. सुदैवाने त्याआधी सोसायटीतल्या वायरमन काकांना गाडी दाखवली. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी चार्जरकडे पाहिलेही नाही. ‘‘इंजिन चालू ठेव आणि मीटर आण,’’ एवढेच म्हणाले.

पुढचा अर्धा तास या सगळ्या उद्योगातला सर्वांत मोलाचा होता, म्हणून तो सविस्तर सांगतो. आपण सहसा मीटरची एक काडी धनावर आणि एक ऋणावर ठेवून व्होल्टेज पाहतो. काकांनी तसे न करता, चार्जर प्रवाह घेत असताना, एकाच तारेच्या दोन टोकांना दोन काड्या लावल्या. तारेत काहीच खर्ची पडत नसेल तर मीटरने शून्य दाखवायला हवे. जो आकडा दिसतो तो त्या तुकड्याने वाटेत खाल्लेला व्होल्टेज. दिवा लागल्याचे पाच सेकंदच हाताशी असल्यामुळे एकेक आकडा दोन-तीन वेळा घ्यावा लागला. मूळ बॅटरीच्या खांबांवर १३.९ व्होल्ट होते आणि चार्जरच्या तोंडाशी १२.५. मधले १.४ कुठे गेले? साडेचार मीटर वायरीत ०.३५, फ्यूज होल्डरमध्ये ०.३, बॅटरीकडच्या थिंबलमध्ये (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या तांब्याच्या नळीत) ०.१, आणि उरलेले ०.६५ अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेत. चार्जरचे ऋण टोक वायरिंगवाल्याने आसनाखालच्या एका बोल्टला दिले होते, रंगावरच. शिवाय थारची बॉडी चेसिसवर रबराच्या गाद्यांवर बसलेली असते. बॉडी आणि चेसिस यांना जोडणारी विणलेली पट्टी आठ पावसाळ्यांनंतर हिरवी पडली होती. चार्जरचा बिचाऱ्याचा दोष एवढाच, की तो सांगितलेले काम करत होता: व्होल्टेज १३.३ च्या वर दिसला की इंजिन चालू आहे असे समजून सुरू व्हायचे, १२.७ च्या खाली गेला की इंजिन बंद झाले असे समजून थांबायचे. तो प्रवाह घ्यायला लागला की व्होल्टेज खचे, तो थांबला की व्होल्टेज वर येई, आणि हा खेळ दिवसभर चाले.

याच पद्धतीने मी त्या संध्याकाळी फ्रिज ज्या लायटर सॉकेटला जोडत असे त्याची वायर मोजली. फ्रिज चालू असताना तिथे जवळपास एक व्होल्ट जात होता. म्हणजे साम्रदच्या आधी वरच्या पातळीवर फ्रिज बंद पडत असे, तो बॅटरी रिकामी झाल्यामुळे नव्हे, तर त्याच्यापर्यंत बॅटरीचा खरा व्होल्टेज पोहोचतच नसल्यामुळे. मी मात्र त्यालाच खोटे ठरवून पातळी खाली आणली होती.

मग सगळे उपसून काढले. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सोळा स्क्वेअरची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर आणली, लाल पाच मीटर आणि काळी पाच मीटर, कारण परतीची वाट आता बॉडीवर सोडायची नाही असे ठरले होते. घेताना काकांच्या सांगण्यावरून टोकाची एक तार सुरीने खरवडून पाहिली. पहिल्या दुकानातली आतून पांढरी निघाली, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुसरीकडची आतपर्यंत लाल होती. हिशेब असा: जाऊन-येऊन नऊ मीटर सोळा स्क्वेअर तांब्याचा रोध सुमारे एक-शतांश ओहम, त्यातून पंचवीस अँपिअर गेले की पाव व्होल्ट पडतो. सहा स्क्वेअरमध्ये तोच साडेसहा-दशांशाच्या पुढे गेला असता. पंचवीस स्क्वेअर घेतली असती तर आणखी चांगले. पण ती दारांच्या खालच्या कोपऱ्यांतून वळवता आली नसती.

जुने थिंबल काढल्यावर काकांनी त्यातले एक हॅक्सॉने मधोमध आडवे कापले आणि माझ्या तळहातावर ठेवले. वायरिंगवाल्याने ते हातोड्याने ठोकून बसवले होते. बाहेरून घट्ट दिसत होते, पण आत तारांच्या मधे काळ्या फटी होत्या आणि निम्म्या तारा नळीच्या भिंतीला टेकलेल्याही नव्हत्या. मग त्यांनी स्वतःच्या हायड्रॉलिक प्रेसने एक नवे दाबले आणि तेही कापून दाखवले. त्यात तारा वेगळ्या मोजता येत नव्हत्या. षटकोनी, एकसंध तांबे दिसत होते. एक थिंबल वाया गेले, पण ते दोन तुकडे मी अजून टेबलाच्या खणात ठेवले आहेत. नव्या प्रत्येक थिंबलवर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवली, कारण आपल्याकडे पावसाळ्यात तारेच्या टोकातून ओल आत ओढली जाते आणि दोन वर्षांत आवरणाखालचे तांबे काळे होते.

फ्यूजच्या बाबतीत एक गोष्ट पहिल्या जोडणीत साफ विसरली गेली होती. साध्या तारेला एका टोकाला बॅटरी असते, म्हणून एक फ्यूज पुरतो. इथे तारेच्या दोन्ही बाजूंना बॅटऱ्या आहेत. मधे कुठे आवरण घासून तार चेसिसला टेकली, तर आग लावायला वीज दोन्हीकडून येऊ शकते. म्हणून चाळीस अँपिअरचे मिडी फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांजवळ, खांबापासून वीतभराच्या आत बसवले. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नव्हे. त्यामुळे तो जितका दूर, तितकी त्याच्या अलीकडची तार उघडी. इंजिनाच्या खोलीतून आत येताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट, सगळ्या वाटेवर पन्हाळी नळीचे आवरण, सायलेन्सरपासून लांब, आणि दर वीतभर अंतरावर टाय. या कामाला आमचा अख्खा शनिवार गेला.

बॅटरीच्या चौकटीचे काम फॅब्रिकेटरकडून करून घेतले: पंचवीस बाय पंचवीसचा अँगल, आत रबराची पट्टी, वरून आडवा क्लॅम्प. खडकाळ रस्त्यावर बारा किलोंचे वजन उसळी घेते, आणि गाडी उलटली तर तेच वजन डोक्याशी येते, म्हणून नुसते पट्ट्याने बांधणे मला मान्य नव्हते. तळाच्या पत्र्यातून चार आठ-एमएमचे बोल्ट आरपार घेतले आणि खालून मोठे, जाड वॉशर दिले. भोके पाडण्याआधी खाली झोपून पाहिले ते बरे झाले, कारण चारपैकी एक खूण ब्रेकच्या नळीपासून दोन बोटांवर होती. चौकट तीन इंच मागे सरकवली. पाडलेल्या भोकांच्या कडांना प्रायमर लावला.

राहिलेले दोन बदल लहान होते. चार्जरला आता केवळ व्होल्टेज पाहून अंदाज करू न देता इग्निशनची बारीक वायर दिली, म्हणजे किल्ली चालू असेल तरच तो काम करतो. आणि बॅटरीच्या ऋण खांबावर शंट, म्हणजे येणारा-जाणारा प्रवाह मोजण्याची पट्टी, बसवून त्याचा मॉनिटर डॅशबोर्डवर लावला, कारण लिथियमचा व्होल्टेज नव्वद टक्क्यांपासून चाळीसपर्यंत जवळपास सपाट असतो आणि त्यावरून किती शिल्लक आहे हे सांगता येत नाही. इथेही मी एकदा घोळ घातलाच: फ्रिजची ऋण तार शंटच्या पलीकडे जोडण्याऐवजी थेट खांबाला दिली, आणि मॉनिटर दोन दिवस शंभर टक्क्यांवरून हलेना.

विमा कंपनीला बदलाची लेखी कल्पना दिली. तिची पोच मिळाली, तेवढ्यावर तो विषय संपला. ओळखीतल्या काही जणांनी मागच्या बॅटरीवरून थेट गाडी चालू करता यावी असा स्विचही बसवण्याचा आग्रह केला. तो मी मानला नाही. डिझेलचा स्टार्टर पहिल्या क्षणी जितका प्रवाह मागतो, तो माझ्या बॅटरीच्या बीएमएसच्या मर्यादेबाहेर आहे. ती लगेच बंद पडेल आणि फ्रिजही जाईल. हातभर लांबीचा जंप स्टार्टर आसनाखाली टाकला, त्यात ते काम होते.

इंजिन चालू करून, हेडलाइट लावून काकांनी पुन्हा त्याच जागांवर काड्या ठेवल्या. बॅटरीवर १३.९, चार्जरच्या तोंडाशी १३.६. हिरवा दिवा स्थिर. फ्यूज होल्डर अर्ध्या तासाने जेमतेम कोमट. काका ‘‘हं’’ म्हणाले आणि प्रेस उचलून घरी गेले.

नोव्हेंबरात पुन्हा साम्रदला दोन रात्री राहिलो. फ्रिज आता सहा स्क्वेअरच्या स्वतंत्र तारेवर आणि वरच्या पातळीवर ठेवला होता, आणि तो एकदाही बंद पडला नाही. शनिवारी सकाळी मॉनिटरवर ८१ टक्के होते, रविवारी सकाळी ४६. थंडीमुळे फ्रिजने एप्रिलपेक्षा बरेच कमी घेतले. मूळ बॅटरी १२.६ वर होती. परतीच्या वाटेवर नारायणगावच्या पुढे कुठेतरी मागची बॅटरी पंचाण्णवच्या वर गेली.

घरी आल्यावर सगळे नट पान्याने तपासले. बॅटरीच्या चौकटीचे चारही जागेवर होते. चार्जरच्या काळ्या तारेचा मात्र पाव आटा सैल झाला होता, बहुधा रतनवाडीकडच्या खड्ड्यांत. तो घट्ट केला, आणि प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यावर उतरणारी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली, म्हणजे पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की पाना घ्यायचा.